पुण्यात अ‍ॅडमिशन झालंय, खातं कुठलं ठेवू? (स्टॉलवाले बॅग देतायत)

कळंबची_थोरली

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबची. कॅपच्या (इंजिनिअरिंग प्रवेशाच्या) दुसऱ्या राउंडला पुण्यात कॉम्प्युटरला नंबर लागला. हॉस्टेल मिळालं नाही, म्हणून कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतेय, एका खोलीत तिघी. भाडं ४,५००, मेस ३,२००. पप्पा महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवणार आणि महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्मही भरायचाय. फी माफ आहे, पण आम्ही अल्पभूधारक असल्यामुळे पंजाबराव देशमुख योजनेतून राहण्याचा भत्ता मिळतो म्हणतात. त्याला खातं लागतं.

खातं एक आहे. आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा पास झाले तेव्हा गावातल्या राष्ट्रीयीकृत बँकेत आईला पालक लावून काढलेलं. वर्षाचे १२,००० त्यावर यायचे. पासबुकावर जांभळ्या शाईत 'मायनर' असा शिक्का आहे, एटीएम कार्ड नाही, मोबाइल नंबर पप्पांचा. सगळ्या एंट्र्या मिळून दीड पान. यंदा बारावीचे पैसे काही आले नाहीत, उशीर होतच असतो. जानेवारीत मला अठरा पूर्ण झाली.

आता इथं कॉलेजच्या गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला एका खासगी बँकेचा स्टॉल. टायवाला दादा 'झिरो बॅलन्स, पाच मिनिटांत खातं' म्हणतो आणि वर पाठीवरची बॅग देतो. दोन्ही रूममेटनी काढलं. बॅग खरंच चांगली आहे, खोटं कशाला बोलू. मामा म्हणतात गावच्या पतसंस्थेची पुण्यात शाखा आहे, तिथं काढ, चेअरमन ओळखीचे, व्याजही जास्त. पप्पा म्हणतात जुनं आहे तेच राहू दे. कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, आधार लिंक असलेलं कुठलंही चालतं, आणि खिडकी लावून घेतली.

कुणाचं ऐकू?

टीई_मेकॅनिकल

बॅग घे, खातं काढ, विषय संपला. 😄 तीन वर्षांत मी बँकेत एकदाच गेलो, तेही मे महिन्यात, आत एसी होता म्हणून. सगळं यूपीआयवर चालतं. एवढंच बघ की दोन बँकांची दोन खाती असू देत. एका बँकेचा सर्व्हर बरोबर वडापावच्या गाडीवर, पाव तोंडात असतानाच झोपतो.

कॅश_काउंटर_३४वर्षं

ताई, कोणाचं ऐकायचं ते शेवटी ठरव. आधी एक काम कर. 'माय आधार'च्या साइटवर लॉगिन कर आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघड. तिथं एका बँकेचं नाव दिसेल. ते कोणतं, ते इथं येऊन सांग.

का ते सांगतो. मी ३४ वर्षं सरकारी बँकेत काढली, त्यातली बरीच काउंटरवर. शेवटच्या सात-आठ वर्षांत खिडकीशी आलेली सगळ्यात जास्त रडारड एकाच गोष्टीची होती: 'साहेब, मंजूर दाखवतंय पण पैसे आले नाहीत.' पैसे आलेले असायचे, फक्त दुसऱ्या बँकेत. शिष्यवृत्ती असो नाहीतर लाडक्या बहिणीचा हप्ता, सरकारी पैसा आधारवरून जातो तेव्हा तू फॉर्मवर लिहिलेल्या खातेक्रमांकाला तो विचारत नाही. एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदवहीत तुझ्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव असेल तिथं जाऊन बसतो. आणि त्या वहीत एका आधारपुढे एकच बँक असते. जी सगळ्यात शेवटी जोडली, ती. दहा खात्यांना केवायसीसाठी (ओळख पटवायला) आधार दिला असेल तरी सीडिंग, म्हणजे त्या वहीतली नोंद, एकाच ठिकाणी. मॅडम 'लिंक' म्हणाल्या ना, त्या एका शब्दात या दोन्ही गोष्टी कोंबल्या जातात आणि पोरं फसतात.

आता स्टॉलवाल्या दादाबद्दल. त्याचा राग नाही, त्यालाही टार्गेट असतं. पण त्याच्या टॅबवर पाच मिनिटांत जे चौकोन टिक होतात, त्यातला एक 'सरकारी अनुदान या खात्यात घेण्यास संमती' असा असू शकतो. ती टिक पडली की नोंदवहीत बँक बदलली. तुझ्या रूममेटना सांग, आजच स्टेटस बघा म्हणावं.

'झिरो बॅलन्स' हाही शब्द उलटून बघायचा. किती वर्षांपर्यंत झिरो? बऱ्याच ठिकाणी विद्यार्थी खातं ठराविक वयानंतर किंवा कोर्स संपला की आपोआप साध्या बचत खात्यात बदलतं आणि मग किमान शिल्लक सुरू होते. ती किती असू शकते? ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेनं महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी ती ५०,००० केली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच १५,००० वर आणली. सरकारीत ही भानगड बरीच मिटलीय. स्टेट बँकेनं मार्च २०२० मध्येच किमान शिल्लक काढून टाकली, कॅनरानं १ जून २०२५ पासून आणि त्याच जुलैत पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन बँक यांनीही. म्हणजे साधं बचत खातंच झिरो बॅलन्स असताना बॅगेसाठी एवढी घाई कशाला?

आणि कुठल्याही बँकेत 'बेसिक सेव्हिंग खातं द्या' असं म्हणायचा तुला हक्क आहे. शिल्लक शून्य चालते, एटीएम कार्ड फुकट, महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. अट अशी: त्या बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगत नाही. मीही सांगत नसे, खोटं कशाला बोलू.

माझ्या मते तुझं जुनं खातंच राहू दे. पण ते आज अर्धवट झोपलेलं आहे. अठरा पूर्ण झाली की मायनर खात्यावर पालकाची सही चालत नाही आणि तुझी सही बँकेकडे नाही. आधार, पॅन (नसेल तर फॉर्म ६०), दोन फोटो आणि बोनाफाइड घेऊन जा. मोबाइल नंबर तुझा टाक. पप्पांच्या फोनवर ओटीपी येत राहिला तर दर वेळी त्यांना शेतातून फोन उचलायला लावशील. सही मराठीत केलीस तरी चालते, पण जी करशील तीच चार वर्षांनी करता आली पाहिजे. अठराव्या वर्षी पोरं सहीला शेपटं काढतात आणि नोकरी लागल्यावर 'सही जुळत नाही' म्हणून चेक परत येतो.

एटीएमचं राहिलं. पुण्यात मेट्रो धावते खरी, पण रिझर्व्ह बँकेच्या लेखी एटीएमपुरती सहाच शहरं मेट्रो: मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूरु, हैदराबाद. पुणेकरांना हे सांगू नकोस, वाईट वाटेल. पण फायदा असा की दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर तिथं महिन्याला तीन व्यवहार फुकट आणि तुला पाच. पुढच्या प्रत्येकाला १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी. नुसती शिल्लक बघितली तरी तो पाचातला एक मोजला जातो.

वाळव्याचा_पाहुणा

मामांच्या पतसंस्थेबद्दल बोलतो, मामांचा मान ठेवून. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ ५ लाखांपर्यंत देतं (४ फेब्रुवारी २०२० च्या आधी १ लाखच होते). हा विमा सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला नाही. चेअरमन ओळखीचे असणं म्हणजे विमा नव्हे.

सहकारी बँकेतही अडकायला होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्या आदेशात एका खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. मर्यादा पुढे वाढत गेली, पण मेसवाल्या काकूंना १ तारखेला पैसे लागतात. मामांना सांग, दिवाळीला आले की पतसंस्थेत आवर्ती ठेव काढते. विषय गोड राहील.

कळंबची_थोरली

काका, जुनं खातं कळंबच्या शाखेत आहे. प्रत्येक कामाला तिकडं जावं लागेल का? एसटीनं रात्र जाते.

कॅश_काउंटर_३४वर्षं

पैसे काढणं-भरणं कुठल्याही शाखेत होतं. पण केवायसी, सही, सीडिंग असं काही निघालं की 'होम ब्रँचला जा' हे वाक्य ठरलेलं. म्हणून मायनरचं मेजर करून घे आणि त्याच अर्जाबरोबर खातं कर्वेनगरच्या शाखेत बदलून माग. आमच्या बँकेत खातेक्रमांक तोच राहायचा, फक्त आयएफएससी बदलायचा. तो महाडीबीटीवर आणि पप्पांच्या फोनमध्येही बदल. आधारवरचा पत्ता कळंबचा असला तरी हरकत नाही, सध्याचा पत्ता स्वतः लिहून दिलेला चालतो. सोमवारी आणि १ ते ५ तारखेला जाऊ नकोस. पेन्शनवाले असतात. आता मीही त्यांच्यातलाच.

स्टेटस बघितलंस का?

रात्रीची_लायब्ररी

विषय निघालाच आहे तर. मी छत्रपती संभाजीनगरला शिकतो. आमच्या मजल्यावरच्या एकाला 'खातं भाड्यानं दे' म्हणून एक जण भेटला. महिना ५,००० देतो, फक्त पासबुक, एटीएम आणि सिम दे. यानं विद्यार्थी खातं काढून दिलं. पहिला महिना खरंच ५,००० आले, आम्हाला पावभाजी खिलवली. दुसऱ्या महिन्यात खातं गोठलं. कुठल्या तरी राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र होतं. फसवणुकीचा पैसा त्याच्या खात्यातून फिरला होता. खातं त्याच्या नावावर, सही त्याची, उत्तरही त्यालाच द्यायचं. त्याची शिष्यवृत्ती त्याच खात्यात येऊन अडकली ती अजून निघालेली नाही. वडील दोनदा वकिलाकडे येऊन गेले.

पहिल्या वर्षाच्या मुलांनाच गाठतात. स्वतःचे पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा, हे माहीत असतं सगळ्यांना. पण इथं गेलेले पैसे दुसऱ्याचे असतात आणि १९३० च्या तक्रारीत नंबर आपल्या खात्याचा असतो.

टीई_मेकॅनिकल

आमच्याकडेही फिरतात हे लोक. माझी वरची कॉमेंट थोडी मागे घेतो. आत्ता स्टेटस बघितलं, बॅगवाल्या बँकेचं नाव आलं. मी फॉर्ममध्ये दुसरीच बँक लिहिलीये. तरीच गेल्या वर्षीपासून 'पैसे आले नाहीत' चाललंय.

कळंबची_थोरली

उशिरा लिहितेय, कारण दोन दिवस याच्यातच गेले.

स्टेटस उघडलं. तिथं माझ्या बँकेचं नाव नाही आणि स्टॉलवाल्याचंही नाही. एक पेमेंट बँक, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवर चालणारी छोटी बँक. मी आयुष्यात असलं खातं काढलेलं नाही. पप्पांना फोन केला, त्यांनाही माहीत नाही. मग रात्री झोपताना आठवलं. फेब्रुवारीत, अठरा झाल्या झाल्या, कळंबला स्वतःच्या नावावर सिम घेतलं होतं. दुकानातल्या पोरानं एकदा अंगठा लावून घेतला, मग म्हणाला 'नीट उमटला नाही, परत लावा.' मी लावला. त्या दुसऱ्या अंगठ्यावरच खातं निघालं असणार.

त्याच नंबरवरून त्या बँकेचं अ‍ॅप उघडलं, पिन नव्यानं तयार केला. आत १२,००० रुपये. बारावीचा एनएमएमएसचा हप्ता. आम्ही घरी सगळे म्हणत होतो, या वर्षी सरकारनं दिले नाहीत.

काल कर्वेनगरच्या शाखेत गेले. मायनरचं मेजर, शाखा बदल आणि सीडिंग, तिन्ही अर्ज एकाच वेळी दिले. सीडिंगच्या फॉर्मवर आधीच्या बँकेचं नाव लिहायची रेघ होती, तिथं ते पेमेंट बँकेचं नाव लिहिताना फार राग आला. बाईंनी पासबुकावरच्या 'मायनर'वर काट मारली आणि बाजूला सही केली. मग मला सही करायला सांगितली. मी आदल्या रात्री वहीत अकरा वेळा करून बघितली होती. मराठीत, बिनशेपटाची.

स्टॉलवर परत गेले होते, खातं नाही काढलं. पण रूममेटच्या बॅगेची चेन चौथ्या दिवशी तुटली, हे टीई_मेकॅनिकलला कळावं म्हणून लिहिते.

काका, आता स्टेटस बदलायला किती दिवस लागतात?

कॅश_काउंटर_३४वर्षं

साधारण दोन-चार दिवस. आठवडा झाला तरी नाव तेच दिसलं तर त्याच बाईंकडे जा. फॉर्मची पोच घेतलीयस ना, शिक्का मारलेली? नसेल घेतली तर उद्या अकराच्या आत जाऊन घे. आणि पेमेंट बँकेतले १२,००० आजच आपल्या खात्यात वळते कर.