उणे ४० मध्ये दिवस काढलेल्यांनो, इकडे या (अनुभव धागा)

निफाडची_लेक
सकाळी भावाचा फोन. निफाडला पारा उतरलाय, द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवून धूर करत बसलेत सगळे. वर म्हणतो, तुला काय त्याचं, तू अलास्कात राहून आलेली! तेव्हापासून डोक्यात फेअरबँक्स घोळतंय, म्हणून धागा काढला.

शिकायला होते तिथे, आणि भाडं वाचवायला ड्राय केबिनमध्ये राहायचे. म्हणजे लाकडी खोली, लाइट आहे, हीटर आहे, नळ नाही. जमीन खाली कायमची गोठलेली असते बऱ्याच ठिकाणी, तिथे विहीर नि पाइपलाइन म्हणजे खर्चाचं काम, त्यामुळे चांगले कमावते लोकपण असे राहतात. पाणी कॅनने भरून आणायचं, आंघोळ युनिव्हर्सिटीत. आणि संडास बाहेर, बर्फातून चालत जायचं. तर उणे ४० ला (सेल्सिअस की फॅरनहाइट विचारू नका, तिथे दोन्ही एकच) त्यावर बसायचं कसं? बैठक निळ्या फोमची असते, भिंतीत उष्णता धरायला घालतात त्या शीटमधून कापलेली. अजिबात गार लागत नाही, बसलं की आपलीच ऊब आपल्याला परत. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आधी लग्नाचं बघू तुझ्या.

गाव खोलगट भागात आहे, थंड हवा खाली साचून राहते. त्यात गाड्यांच्या धुरातली वाफ गोठून असं धुकं होतं की पुढची गाडी दिसत नाही. टेकडीवर राहणारे मात्र मजेत, त्यांच्याकडे दहा-दहा डिग्री जास्त!

खमंग_काकडी
😂😂 आईचं बरोबर आहे.
युनिव्हर्सिटीत तो तापमानाचा बोर्ड आहे ना, उणे ४० झालं की पोरं स्विमसूटमध्ये फोटो काढतात त्याच्यापुढे? तू काढलास का ते सांग आधी.

निफाडची_लेक
काढलाय. दाखवणार नाही.

भोगीवाली
एडमंटन, कॅनडातलं अल्बर्टा राज्य. १३ जानेवारी २०२४, इथल्यांना तारीख पुरे. उणे ४० च्या खाली गेलेलं, आम्ही चौघी माझ्याकडे तिळगूळ करायला जमलेलो, गूळ नेमका पाकावर आलेला आणि सगळ्यांचे फोन एकदम कर्कश ओरडायला लागले, मला वाटलं भूकंपच, तर सरकारचा अलर्ट की ग्रिडवर ताण आलाय, गरज नसलेली वीज ताबडतोब बंद करा नाहीतर आळीपाळीने लाइट घालवावी लागेल, आता शेगडी इलेक्ट्रिक, पाक अर्धवट, बंद करायची की नाही यावर तिथेच भांडण, शेवटी आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकूंनी बटण फिरवलं नि म्हणाल्या वड्या नाही झाल्या तर चिक्की म्हणा. मिक्सर बंद, सगळे दिवे बंद, मोबाइलच्या उजेडात थापल्या. नंतर कळलं काही मिनिटांत दीडशे मेगावॉट मागणी खाली आली अख्ख्या अल्बर्टात. लाइट गेली नाही. वड्या दगड झाल्या पण.

सदू_सातारकर
भाचा विनिपेगला चाललाय. गाडीला प्लग असतो म्हणतो, खरं का? इलेक्ट्रिक गाडी घेतोय का तो?

भोगीवाली
नाही हो काका, साधी पेट्रोलची. इंजिनाला ब्लॉक हीटर बसवलेला असतो, त्याची वायर पुढून लोंबत असते, रात्री सॉकेटला लावायची, नाहीतर ऑइल इतकं घट्ट होतं की सकाळी गाडी नुसती कण्हते. ऑफिसच्या पार्किंगमध्येपण सॉकेट असतात. आणि त्याला सांगा वायर काढूनच गाडी हलव. आमच्या गल्लीत दर वर्षी कोणीतरी एक्स्टेन्शन ओढत निघालेलं असतं.

उत्तरायण
ट्रॉम्सो, नॉर्वे. इथे थंडीचं कौतुक नाही, समुद्राचा गरम प्रवाह असल्याने उणे १० च्या आसपास म्हणजे चिक्कार. वैताग आहे अंधाराचा नि घसरण्याचा. बर्फ वितळतो, परत गोठतो, रस्त्याची काच होते. बुटांना खिळ्यांचे रबरी पट्टे लावतात, ऐंशीच्या आज्या ते घालून टुणटुण पुढे जातात आणि मी भिंत धरून. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य जातो, डोंगरांमुळे २१ जानेवारीच्या सुमाराला दिसतो. त्या दिवशी सगळे गोड बन खातात. आमच्याकडे मी संक्रांत त्याच दिवशी करते, रथसप्तमीपर्यंत चालतेच की! दुपारी मात्र निळा उजेड असतो तासन्‌तास, काळाकुट्ट नसतं काही.

पैठणी_आणि_बूट
हळदीकुंकवाला पैठणीखाली थर्मल, वर पार्का (टोपीवाला जाडजूड कोट), पायात गुडघ्यापर्यंत बूट. आणि कोणी चमकीबद्दल का बोलत नाही?? बाहेर पाच मिनिटं आणि नाकात बर्फाची सुई. जोडव्यांनी तर बुटाच्या आतसुद्धा बोटं बधिर. मी नोव्हेंबरला उतरवते ती एप्रिलला घालते, सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर पाय दिसत नाहीत.

खमंग_काकडी
सासूबाई इथे नाहीत ना चुकून?

पैठणी_आणि_बूट
गप गं 🤫

माधुरी_लातूर
नमस्कार, मी कुठे राहिले नाही, पण मुलगा मेडिकलला रशियात अर्खांगेल्स्कला आहे. तो म्हणतो नदी गोठली की पलीकडच्या बेटावर लोक बर्फावरून चालत जातात. मी रोज रात्री जागी. त्यात म्हणतो खोलीत इतकं गरम होतं की टी-शर्टवर असतो, खिडकी उघडावी लागते. खरं सांगतोय की मला बरं वाटावं म्हणून?

उत्तरायण
ताई, हॉस्टेलचं खरं असणार, रशियात हीटिंग गावाच्या बॉयलरमधून येतं, आपल्या हातात बटणच नसतं. नदीवर आखून दिलेली वाट असते. फक्त वसंतात बर्फ मऊ व्हायला लागला की जाऊ नकोस म्हणावं.

निफाडची_लेक
आणि पाच बोटांचे हातमोजे नको, चार बोटं एकत्र राहतात ते मिटन घ्यायला सांगा. मोजे लोकरीचे, सुती नको, घामाने ओले झाले की संपलं.

माधुरी_लातूर
सुतीच दिलेत डझनभर 🙈 लोकर लगेच घ्यायला सांगते. धन्यवाद गं.

सदू_सातारकर
दही लागतं का तिकडे?

भोगीवाली
ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवायचं रात्रभर. मस्त लागतं.

पैठणी_आणि_बूट
आमच्या ओव्हनला एलईडी आहे, ढिम्म गरम होत नाही. मी हीटरच्या जाळीपाशी ठेवते टॉवेल गुंडाळून. आंबट होतं पण जरा.

भोगीवाली
विरजण कमी घाल. तुझ्याकडे कॅलगरीला कोणी येणार असेल तर माझं विरजण पाठवू का?