उत्तर: ल्युगरवरचे दोन साल

तुमच्या ल्युगरवर, म्हणजे या जुन्या जर्मन पिस्तुलावर, दोन सालं आहेत, तर ते नेमकं कधीचं, असं तुम्ही विचारलंय. वरच्या एका उत्तरात कुणीतरी 'हे पिस्तूल १९२० चं' असं ठोकून दिलंय, ते पटत नाही. तुमच्या फोटोत चेंबरवर (गोळी बसते त्या भागावर) १९२० आणि १९१७ असे दोन्ही आकडे आहेत. घडण १९१७ ची. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सरकारने आपल्याकडची शस्त्रं ओळखता यावीत म्हणून जुन्या पिस्तुलांवर १९२० चा शिक्का मारला. म्हणजे तो मालकीचा शिक्का आहे. वरच्या दुमडणाऱ्या जोडातल्या पुढच्या सांध्यावर डीडब्ल्यूएम ही कारखान्याच्या नावाची गुंफलेली अक्षरं दिसतात, तेव्हा कारखाना बर्लिनचा.

पिस्तुलावरच्या नुसत्या अनुक्रमांकावरून, म्हणजे नंबरावरून, साल काढायला जाऊ नका. दरवर्षी नंबर एकपासून सुरू व्हायचे आणि दहा हजार झाले की खाली ए, बी अशी अक्षरं लागायची. तेच नंबर पुन्हा पुन्हा सापडतात!

आता ट्रिगर आणि सेफ्टीची कळ बघा. मूळची ती पिवळसर, वाळलेल्या गवताच्या रंगाची असते. तुमच्याकडे दोन्ही काळीकुळकुळीत दिसतायत, म्हणजे कुणीतरी नंतर पुन्हा रंगवलंय. संग्राहक तिथेच भाव पाडतात. सुट्या भागांवर नंबरातले शेवटचे दोन आकडे जुळतात का, तेवढे जवळून फोटो टाका. पण आधी मॅगझिन काढून चेंबर रिकामा आहे ना ते बघा.