मदत हवी: शुगरवाल्यांना नीट सांभाळणारी पॉलिसी कशी ओळखायची?

तुटकी_छत्री: आईला शुगर आणि बीपी. मागच्या वर्षी पायाच्या जखमेसाठी ५ दिवस ॲडमिट होती. डिस्चार्जचे कागद सकाळी ११ ला तयार, कॅशलेसची मंजुरी रात्री साडेनऊला. तोवर ती साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत. आता एजंट म्हणतोय पोर्ट करा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्या, तिचा क्लेम सेटलमेंट रेशो (आलेल्यांपैकी किती क्लेम दिले ते) भारी आहे. जुनाट आजारवाल्यांना कोण बरं वागवतं ते कळतं का कुठे? प्लीज लवकर.

पेठेतला: वय? पॉलिसी किती वर्षांची? रिन्यूअल कधी? की आम्ही पत्रिका मांडायची?

सुमेधा_कोथरूड: रेशोवर जाऊ नका. डेंगी, मोतीबिंदू, सगळं त्यात एकत्र. शुगरवाल्यांचे किती अडवले आणि बिलातून किती कापले, काही कळत नाही. सासऱ्यांना रूम रेंट ५००० पर्यंत होतं, आम्ही ८००० ची खोली घेतली. वाटलं, वरचे ३००० आपण भरू. डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली! औषधं तेवढी वाचली. को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा, किती आहे तेही बघा.

न्यूजर्सीचा_नाना: आमच्याकडे 'हेडिस' म्हणून मोजणी असते. प्लॅनमधल्या किती मधुमेहींची साखर आटोक्यात, किती जणांचे डोळे तपासले, त्याचे आकडे निघतात. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, त्यातल्या प्लॅनना तर ५ पैकी तारे मिळतात.

पेठेतला: नाना, तिथला प्लॅन एरवीच्या तपासण्यांचेही पैसे देतो, म्हणून त्या मोजतो. इथल्या बहुतेक पॉलिसी माणूस ॲडमिट झाल्याशिवाय ओळख दाखवत नाहीत.

टेकडीवाला: विमा सोडा. भिजवलेली मेथी आणि रोज तळजाई टेकडी. माझं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४ वरून ६.९.

सुमेधा_कोथरूड: पायाला जखम झालेल्या बाईंना टेकडी?

टेकडीवाला: मग नुसती मेथी.

तुटकी_छत्री: वय ६७. पॉलिसी ६ वर्षांची. रिन्यूअल २० दिवसांवर.

पेठेतला: हे आधी सांगायचं! पोर्टिंगचा अर्ज रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी द्यायचा असतो. एजंट बोलला का हे? शिवाय शुगर बघून नवी कंपनी नाहीही म्हणू शकते. यंदा गुपचूप रिन्यू करा, हप्ता चुकवू नका. आणि त्या साडेनऊचं काय? विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत द्यायची. उशिरामुळे हॉस्पिटलने जादा लावलं तर ते कंपनीने भरायचं. खोलीचं जादा भाडं लागलं होतं का एका दिवसाचं?

तुटकी_छत्री: लागलं. आम्हीच भरलं.

पेठेतला: मग कंपनीला लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही आलं तर विमा लोकपाल, नारायण पेठेत, न. चिं. केळकर रोडला, जीवन दर्शन. फी नाही.

टेकडीवाला: तिथे पार्किंग मिळत नाही हं. रिक्षाने जा.

तुटकी_छत्री: बिल शोधतोय. आईने बहुतेक गव्हाच्या डब्याखाली ठेवलंय.