खाद्यतेलाची आयात: फायदा देशाचा, तोटा सोयाबीनवाल्याचा?
(चर्चा; प्रत्येक भागाच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव)

शिवार
आमचं सोयाबीन लातूर जिल्ह्यात. २०२४च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. ओलावा जास्त म्हणून खरेदी केंद्रावरून माल परत आला आणि आम्ही ४,१५०नं आडतीवर घातला. भाचा बी.ए.ला आहे. त्याच्या पुस्तकात तुलनात्मक लाभाचा धडा वाचला. ज्या देशाला जे तुलनेनं परवडतं ते त्यानं पिकवावं, बाकीचं विकत घ्यावं, दोघांचंही भलं होतं, असा त्याचा सारांश. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. मग यातलं भलं आमच्या वाट्याला कधी येणार? मला तर हा सिद्धांत शेतकऱ्याच्या जिवावर उभा दिसतो.

आकडेमोड
तुमचा तोटा खरा आहे, पण दोष सिद्धांताचा नाही. या सिद्धांतासाठी १८१७ साली अर्थतज्ज्ञ रिकार्डोनं मांडलेलं उदाहरण बघा. ठरावीक कापडाला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं लागतात, ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालमध्ये त्याच कापडाला ९० आणि वाइनला ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत पुढे. तरी त्यानं फक्त वाइन करून कापड इंग्लंडकडून घेतलं, तर त्याची १० माणसं वाचतात आणि इंग्लंडची २०. कोण जास्त हुशार हा मुद्दाच नाही. एक गोष्ट करताना दुसरी किती सोडावी लागते, हा आहे.

आता तेल. आपल्याकडे सोयाबीन हेक्टरी साधारण १ टन येतं, त्यात तेल सुमारे १८ टक्के, म्हणजे १८० किलो. आयात वर्षाला १.६ कोटी टनांच्या आसपास. तेवढं तेल सोयाबीनमधून काढायचं तर जवळपास ९ कोटी हेक्टर जमीन लागेल. देशात पेरणीखाली सगळी मिळून १४ कोटी हेक्टर आहे. गहू, भात, ज्वारी कुठे पेरायची? पामचं तेल हेक्टरी साडेतीन-चार टन निघतं.

पेंडवाला
हा हिशेब अर्धाच आहे. सोयाबीन कुणी तेलासाठी पिकवत नाही. ऐंशी टक्के पेंड निघते आणि कोंबडीखाद्याचा धंदा तिच्यावर चालतो. तेलच मोजायचं तर मोहरी आणि भुईमूग घ्या, त्यांत तेल दुपटीनं आहे.
पण शिवार, २०२४ला भाव फक्त आयात तेलानं पडला नाही. इथेनॉलच्या कारखान्यांतून निघालेला मक्या-तांदळाचा चोथा पशुखाद्यात स्वस्तात आला आणि पेंडीची मागणी बसली. त्या वर्षी सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क ५.५वरून २७.५ टक्क्यांवर नेलं, तरी सोयाबीन हमीभावाला पोचलं नाही ते याचमुळे.

स्वयंपाकघर
आणि त्या शुल्काचे पैसे आमच्या पिशवीतून गेले. २०२२ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं, सूर्यफूल तेल थांबलं, एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच बंद केली. मी खानावळ चालवते, दिवसाला साठ डबे. डब्याचा दर वाढवला की पोरं एक वेळ जेवायची बंद होतात. स्वस्त तेल ही माझ्यासाठी चैन नाही.

शिवार
ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. इंडोनेशियानं दार लावलं की आपण उघड्यावर. १९८६ साली तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला आपण जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. १९९४पासून पामोलीनच्या, म्हणजे पामतेलाच्या, आयातीला वाट मोकळी केली, पुढं शुल्क उतरवत नेलं, आणि ते सगळं वाहून गेलं.

नाशिककर
दार लावण्याबद्दल बोलायचं तर आधी आपलं बघा. बांगलादेश आपल्या कांद्यावर अवलंबून होता. आपण २०१९ला निर्यातबंदी केली, २०२०ला केली, ८ डिसेंबर २०२३ला पुन्हा केली. लासलगावात भाव एका आठवड्यात कोसळले. कांद्यात आपला तुलनात्मक लाभ आहे, तो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कमावलाय. पण भाव चढला की निर्यात बंद, भाव पडला की कुणी विचारत नाही. तेल महागलं की शुल्क कमी, कांदा महागला की बंदी. दोन्ही वेळा शेतकऱ्याच्याच विरुद्ध. मला तर व्यापार जास्त मोकळा हवा आहे, कमी नको.

आकडेमोड
नाशिककरांशी शंभर टक्के सहमत. निर्यातबंदी हा सरळ आपल्याच लाभावर घातलेला घाव आहे. एक मान्य करतो: रिकार्डोच्या गणितात वाइन सोडलेला माणूस उद्या कापडाच्या कामाला लागतो. लातूरच्या कोरडवाहू काळ्या रानात असं होत नाही. एकूण फायदा वाढतो हे खरं, तो आपोआप वाटला जात नाही हेही खरं. म्हणून तेलावरच्या आयात शुल्काचा पैसा भावफरक (हमीभाव आणि बाजारभाव यांतलं अंतर) म्हणून थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्या. शुल्क किती ठेवायचं हा वाद मग वेगळा करता येईल.

पेंडवाला
मध्य प्रदेशात २०१७ला भावांतर योजना केली होती, सोयाबीनही त्यात होतं. सरकार फरक देणारच म्हणून व्यापाऱ्यांनी भाव पाडले, अशी तक्रार तेव्हा खूप झाली. फरक कोणत्या बाजारांच्या सरासरीवर काढायचा, हे आधी नीट ठरवा.

आकडेमोड
बरोबर. पण तोपर्यंत पीक बदलण्याचाही विचार हवा. तूर का नाही वाढवत?

शिवार
तूर आहेच आमच्याकडे, सोयाबीनच्या चार ओळींमागं एक ओळ. मे २०२१मध्ये तुरीचीही आयात खुली केली, मोझांबिकमधून आणि म्यानमारमधून येते. तुम्ही ज्या पिकाकडे वळा म्हणता, त्याचंही दार आधीच उघडलेलं आहे. जूनमध्ये पेरताना जे शुल्क असतं, ते ऑक्टोबरात माल बाजारात नेईपर्यंत तरी बदलू नये, एवढं कुणी लिहून देईल का?