मदत हवी आहे: सोसायटीच्या मीटर रूममधल्या पॅनेलवर लेबलं काय आणि कशी लावायची?

नवा_सचिव:
नमस्कार मंडळी. पुण्यात सात मजली इमारत, २८ फ्लॅट. मीटर रूममध्ये ४१५ व्होल्टचं मेन पॅनेल, लिफ्ट आणि पंपाचे वेगळे फीडर (स्वतंत्र पुरवठा लाइन), एएमएफवर (वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू करणारं पॅनेल) चालणारा जनरेटर, शिवाय गच्चीवर सोलर. लेबलं मास्किंग टेपवर मार्करनं लिहिलेली, निम्मी पुसली आहेत. जुलैच्या बी फॉर्मसाठी (अग्निसुरक्षेचं सहामाही प्रमाणपत्र) आलेल्या एजन्सीनं 'पॅनेल मार्किंग करून घ्यावे' एवढंच लिहून दिलं. नियमानं नेमकं काय लागतं? आणि फ्लॅटमधल्या डीबीवरही (डिस्ट्रिब्युशन बोर्ड) कवटीची पाटी हवी का?

पॅनेलवाला:
शेवटचं आधी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत धोक्याच्या पाटीची मर्यादा २५० व्होल्ट आहे. फ्लॅटला सिंगल फेज २३० असेल तर सक्ती नाही. थ्री फेज घेतलेल्यांचा डीबी मात्र त्यात येतो. मेन पॅनेल, लिफ्टचं पॅनेल, पंपाचा स्टार्टर, जनरेटर या सगळ्यांवर हवी. पाटी आयएस (भारतीय मानक) २५५१ प्रमाणे, पांढऱ्यावर लाल, ४१५ व्होल्टसाठी २०० × १५० मिमी. मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत आणि सोबत मराठीत. बाजारात मिळणारी नुसती इंग्रजी पाटी चालत नाही.

पाटी हा सोपा भाग. खरं काम आयएस ७३२ आणि राष्ट्रीय इमारत संहितेतल्या मार्किंगचं आहे. मेन स्विचवर 'मेन' असं लिहिलेलं हवं. एकापेक्षा जास्त मेन असतील तर कुठला कुठल्या भागाचा, तेही. प्रत्येक डीबीवर लाइटिंग की पॉवर, व्होल्टेज, फेज किती, आणि दाराच्या आत सर्किटचा तक्ता. मी त्यात 'वीज कुठून येते' हेही घालायला लावतो. नमुना:

डीबी-२ जिना व पार्किंग / लाइटिंग / ४१५ व्होल्ट, ३ फेज / फीड: मेन पॅनेल, आउटगोइंग ५, ६३ अँपिअर

हे वाचलं की वायरमनला मागचा स्विच शोधत फिरावं लागत नाही.

तारतंत्री:
वरच्यात एक भर, आणि ती जास्त महत्त्वाची. 'बंद केल्यावरही काय जिवंत राहतं' हे कुणीच लिहीत नाही. तुमच्याकडे अशा तीन जागा आहेत.

मेन बंद केला तरी त्याची इनकमिंग टर्मिनल महावितरणच्या बाजूनं जिवंतच असतात.

एएमएफचं सेन्सिंग (वीज आहे की नाही हे ओळखणारी जोडणी) मेननंतर, इमारतीच्या बाजूला असेल तर मेन पाडला (बंद केला) की एएमएफला वीज गेली असं वाटतं आणि काही सेकंदांत जनरेटर स्वतःच सुरू होतो. हात पॅनेलमध्ये असताना! म्हणून मेनच्या शेजारीच लिहा: 'आधी एएमएफ ऑफवर करा, मग मेन बंद करा.'

सोलरचा ग्रिड-टाय (महावितरणच्या पुरवठ्याला जोडलेला) इन्व्हर्टर वीज गेली की थांबतो, पण मॉड्यूलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी केबल ऊन असेपर्यंत जिवंत. मेन पॅनेलवर 'दोन बाजूंनी पुरवठा: सोलर आयसोलेटर अमुक ठिकाणी' अशी पाटी (आयसोलेटर म्हणजे जोडणी तोडणारा स्विच), आणि केबल जिन्यातून येते तिथे दर मजल्यावर 'सोलर डीसी'. अग्निशमनवाले आले की पाणी मारण्याआधी हेच शोधतात.

फायर पंपाच्या स्विचला लाल लेबल: 'आगीच्या वेळी बंद करू नये.'

नवा_सचिव:
तक्ता जुन्या ड्रॉइंगवरून टाइप करून घेतला तर चालेल का? आणि लेबल कशाचं?

पॅनेलवाला:
ड्रॉइंगवरून अजिबात नको. चुकीचं लेबल कोऱ्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस हात घालतो. आधी नोटीस लावा, मग परवानाधारक कंत्राटदाराकडून एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा छोटा ब्रेकर) पाडून खरंच काय बंद झालं ते लिहून घ्या. मीटर आणि फ्लॅट नंबरची अदलाबदल इथेच सापडते. तशी सापडली तर महावितरणला लेखी कळवा. सीलबंद भागाला हात लावू नका.

तारतंत्री:
या तपासणीत क्लॅम्प मीटर (तारेभोवती लावून करंट मोजणारं यंत्र) न्यूट्रलवरही लावायला सांगा. सर्किट बंद असूनही त्याच्या न्यूट्रलमध्ये करंट दिसला तर दोन सर्किटांनी एकच न्यूट्रल वापरलाय. तो न्यूट्रल टर्मिनलमधून सुटा केला की दुसऱ्या सर्किटच्या लोडमधून त्या टोकावर २३० व्होल्ट येतात. आरसीसीबी (गळती करंट ओळखून वीज तोडणारा ब्रेकर) विनाकारण उडतो तोही बऱ्याचदा यामुळेच. आधी दुरुस्ती, मग लेबल.

साहित्य: दोन थरांची कोरीव प्लास्टिक पट्टी, मराठी अक्षर किमान ६ मिमी, नाहीतर काना-मात्रा भरून जातात. साधा स्टिकर मीटर रूमच्या उष्णतेत सुटतो. तक्ता लॅमिनेट करून दाराच्या आतल्या खिशात, खाली तारीख. एमसीबीचं रेटिंग आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण झाकू नका.

दारात ड्रिल मारायची वेळ आली तर पुरवठा बंद करूनच. लोखंडाचा कीस बसबारवर (पॅनेलमधल्या उघड्या जिवंत पट्ट्या) पडला की शॉर्ट. त्यापेक्षा पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून दुहेरी चिकटपट्टी बरी, पॅनेलला भोकही पडत नाही.

पॅनेलवाला:
सहमत. फक्त क्रमांकाची पट्टी दारावर आणि आतल्या फ्रेमवर, दोन्हीकडे लावा. सारखी दिसणारी दोन दारं रंगकामाला काढली की परत बसवताना हमखास बदलतात.

नवा_सचिव:
धन्यवाद दोघांना. कंत्राटदाराला 'प्रत्यक्ष तपासून तक्ता, मग लेबल' असे दोन वेगळे आयटम टाकूनच कोटेशन मागतो.