पहिल्या भेटीला मुलीने मैत्रिणीला लोकेशन पाठवलं तर त्यात मुलाचा अपमान कसला?

रानजाई:
परवा इथे एकाने लिहिलंय की डेटिंग ॲपवर ओळख झालेली मुलगी पहिल्यांदा भेटली आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिने मैत्रिणीला लाईव्ह लोकेशन पाठवलं, ते बघून याचा मूडच गेला, "मी काय गुन्हेगार आहे का, एवढी भीती वाटते तर कांदेपोहे करा". आणि खाली लोकांनी त्याला उचलून धरलंय. दोन दिवस गप्प बसले, आता नाही राहवत.

अरे, तिला तू माहीत काय आहेस? सहा फोटो आणि "ट्रेक, मिसळ, कुत्री आवडतात" एवढंच ना. मी चार वर्षं पुण्यात एकटी राहते, ॲपवरून अकरा जणांना भेटले, दहा चांगले होते. अकरावा पण दोन तास चांगलाच होता. एफसी रोडला कॉफी झाली, पाऊस लागला, म्हणाला घरी सोडतो. मी म्हटलं मेट्रोने जाते. तर चेहरा बदलला, "विश्वास नाही का माझ्यावर" सुरू झालं, आणि डेक्कन स्टेशनपर्यंत मागे मागे आला. रूममेटकडे लोकेशन होतं, तिला मेसेज केला, ती उतरायच्या स्टेशनवर येऊन थांबली म्हणून मी धड घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्याने मला आमच्या सोसायटीच्या गेटचा फोटो पाठवला. पत्ता मी दिलाच नव्हता. माझ्या प्रोफाईलमध्ये बाल्कनीतला एक फोटो होता, त्यात समोरच्या बिल्डिंगचं नाव दिसत होतं!

तेव्हापासून आधी व्हिडिओ कॉल, भेट दिवसा आणि गर्दीच्या जागी, जाणं-येणं आपलं आपण, व्हॉट्सॲपचं लाईव्ह लोकेशन आठ तासांचं कारण एक तासाचं भेट संपायच्या आत बंद होतं. यात कोणाला अपमान वाटत असेल तर वाटो.

सह्यकडा:
ती पोस्ट माझी. तुमच्याबरोबर झालं ते वाईटच, पण ते मी केलं का? मी नाशिकहून तीन तास गाडी चालवून ठाण्याला गेलो, नवीन शर्ट घातला, आईला खोटं सांगितलं, आणि समोरची पहिल्या मिनिटाला माझ्यासमोर फोन धरून "पोचले, हाच आहे" असं व्हॉइस नोटमध्ये बोलते. सांगायचं तर बाहेरून सांगून ये ना. आणि त्याच्या आधीच्या मुलीने तर भेटायच्या आधी आधार कार्डाचा फोटो मागितला होता, त्याबद्दल कोण बोलणार?

मिरजकर काका:
बाळांनो, रागावू नका, पण हे दुखणं ओढवून घेतलेलं आहे. आमच्या वेळी मुलगा बघायचा तर मामा त्याच्या ऑफिसात, शेजारीपाजारी चौकशी करून यायचा. आजही विवाह संस्थेत, नाहीतर मॅट्रिमोनी साईटवर नाव घाला. तिथे घरचे असतात. अनोळखी माणसाला हॉटेलात भेटायचं आणि मग सुरक्षिततेच्या गप्पा मारायच्या.

अवनी_डोंबिवली:
काका, मॅट्रिमोनी साईटचंच सांगते. माझ्या मावसबहिणीला तिथेच "लंडनचा इंजिनिअर" भेटला. घरच्यांनी पत्रिका जुळवली, मामा फोनवर बोलला, सगळं झालं. मग त्याने गिफ्ट पाठवलं, ते म्हणे दिल्ली विमानतळावर कस्टमने अडवलं, ड्युटी भरा, मग दंड भरा, मग अजून एक सर्टिफिकेट. चार लाख गेले. तिच्या काकाने आपली एफडी मोडून भरले, कारण बोलणी झालेली होती ना! १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करायला नऊ दिवस लावले, घरात अब्रू अब्रू चाललेलं, तोवर पैसे खात्यातून पुढे गेलेले. पहिल्या तासात कळवलं असतं तर निदान काही अडवता आले असते. तेव्हा घरचे आहेत म्हणजे सुरक्षित, हे मला सांगू नका.

मिरजकर काका:
चौकशी नीट केली नाही तुमच्या मामाने.

अवनी_डोंबिवली:
माझ्या मामावर जाऊ नका.

टपरीवरचा_समीर:
सगळं मुलींबद्दलच. मुलांचं कोणी ऐकणार का? मला एक मॅच झाली, तिनेच अंधेरीतली जागा ठरवली, "मला तिथलं आवडतं". मेनूवर किमती नाहीत. तिने तीन ड्रिंक आणि हुक्का मागवला, घरून फोन आला म्हणून उठली ती गेलीच. बिल २३ हजार. दारात दोन माणसं उभी. मी कार्ड घासलं. घरी येऊन बघतो तर तिने अनमॅच केलेलं, म्हणजे ॲपवरची ओळखच तोडलेली, सगळं चॅट गायब, पुरावा शून्य. २०२४ ला मुंबईतल्या असल्या प्रकारांच्या बातम्या आल्या तेव्हा कळलं की मी एकटा नाही. मित्र अजून हसतात. मुलगी फसली की सहानुभूती, मुलगा फसला की विनोद.

रानजाई:
समीर, मी हसत नाहीये. पण हेच तर म्हणतेय, जागा समोरच्याने एकट्याने ठरवायची नाही, आणि भेटायला निघायच्या आधी चॅटचे, प्रोफाईलचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. मुलाने पण ठेवावेत. दारात अडवलं तर तिथूनच पोलिसांचा ११२ लावायचा.

सह्यकडा:
आधारबद्दल अजून कोणी बोललं नाही.

गणकयंत्र:
मी बोलतो, हा माझा विषय. आधार मागणाऱ्याला देऊ नका, आणि तुम्ही पण मागू नका. त्यावर पत्ता आहे, जन्मतारीख आहे. बरं, फोटो पाठवला तर तो खरा कशावरून, पाच मिनिटांत कोणीही नाव बदलून देतो. मे २०२२ ला बंगळुरूच्या आधार कार्यालयाने झेरॉक्स कोणालाही देऊ नका, मास्क केलेलं, म्हणजे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं, आधार द्या असं सांगितलं आणि दोनच दिवसांत सरकारने ते पत्रक मागे घेतलं, लोक गैरसमज करून घेतील म्हणून. सल्ला काय वाईट होता त्यात?

अवनी_डोंबिवली:
मग मुलीने ओळख पटवायची कशी? ऑफिसचा आयडी? तो पण बनवता येतो. मी आधार मागते आणि मागणार. लॉजवाला मागतो तेव्हा गपचूप देता ना सगळे?

गणकयंत्र:
लॉजवाला तुमच्यावर प्रेम करत नाही. तुम्ही स्वतःचं आधार दिलं का त्याला बदल्यात?

अवनी_डोंबिवली:
मी का देऊ? धोका मला आहे.

सह्यकडा:
बघा! हेच, हेच म्हणत होतो मी. नियम एकाला.

गणकयंत्र:
अवनी, धोका तुला जास्त आहे, मान्य. पण कागद मागून धोका जात नाही. त्याचा नंबर यूपीआयमध्ये टाकून बघ, पैसे न पाठवता बँकेतलं नाव दिसतं. चॅटमध्ये "आदित्य" आणि बँकेत भलतंच नाव असेल तर विचार, कधी वडिलांचा नंबर असतो, कधी नसतो. उलटं पण लक्षात ठेव, बिल अर्धं अर्धं करताना तू यूपीआय केलंस की तुझं पूर्ण नाव त्याच्याकडे गेलं. मी रोख देतो.

अवनी_डोंबिवली:
यूपीआयचं माहीत नव्हतं. वापरीन. पण बायकांनी काय करावं हे पुरुषांनी एवढ्या ठामपणे सांगू नये.

निळी_छत्री:
पहिल्यांदाच लिहितोय. तुम्ही म्हणताय लोकेशन मैत्रिणीला पाठवा, काका म्हणतात घरचे असू द्या. मी मुलांना भेटतो. समलिंगी संबंध गुन्हा नाही हा कलम ३७७ चा निकाल २०१८ ला लागला पण सोलापुरात माझ्या घरी तो पोचलेला नाही. दोन वर्षांपूर्वी एकाने रूमवर बोलावलं, आत गेल्यावर अजून तिघे आले, फोन घेतला, व्हिडिओ काढला, "घरी पाठवू" म्हणाले. यूपीआयवरून ४० हजार गेले. तक्रार केली नाही, कारण चौकीत वडिलांचं नाव विचारलं असतं. आता मी एका कॉलेजच्या मित्राला सांगून जातो, त्यालाच फक्त माहीत आहे माझं. पहिली भेट रूमवर कधीच नाही, दोनशे रुपयांपेक्षा जास्त पैसे असलेलं खातं फोनमध्ये ठेवत नाही. कांदेपोह्यांचा पर्याय मला नाहीये काका.

मिरजकर काका:
वाचलं. मला यातलं कळत नाही, आणि पटतं असंही म्हणणार नाही. पण तो मित्र सोडू नकोस. आणि परत कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस, एकदा दिले की थांबत नाहीत, आमच्या बँकेत असताना पाहिलंय.

सह्यकडा:
छत्री, सॉरी यार. ताई, लोकेशनचं मान्य करतो, व्हॉइस नोटचं अजून करत नाही. या रविवारी नाशिकमध्येच एकीला भेटतोय, तिला आधीच लिहिलंय की मैत्रिणीला लोकेशन देऊन ये, जागा पण तूच सांग.

टपरीवरचा_समीर:
जागा तिला ठरवू देऊ नको!!

रानजाई:
दोघांनी मिळून ठरवा. आणि मेनूवर किमती आहेत का ते आत शिरतानाच बघ.