‘उभा मारा’ नक्की कुणाचा उभा?

पटकरी: शिडाच्या जहाजांच्या लढायांचा एक पटावरचा खेळ आम्ही चौघं खेळतो. षटकोनी घरं, वारा दाखवणारा बाण, आणि प्रत्येकानं आपली चाल आधी गुपचूप कागदावर लिहायची. नियम मी मराठीत उतरवले. ‘ब्रॉडसाइड’ला (एका कुशीच्या सगळ्या तोफांचा एकदम मारा) ‘आडवा मारा’ आणि ‘रेक’ला ‘उभा मारा’. परवा मित्रानं त्याच्या जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, माझ्याकडे रोखली आणि म्हणाला, “उभा मारा, दुप्पट नुकसान.” म्हटलं, अरे उभं तुझं नाही, माझं जहाज हवं, गोळा माझ्या एका टोकातून शिरून लांबीभर गेला पाहिजे. त्यानं कागद पुढे केला, “कुठे लिहिलंय?” नव्हतंच लिहिलेलं. डाव मोडला. शब्द सुचवा.

कोशकीडा: तुमचा उभा माराही आडवाच असतो हो! तोफा जहाजाच्या कुशीला, त्यामुळे लांबीभर मारायचं तरी बार कुशीतूनच निघणार. १८०५ला ट्रफाल्गारच्या लढाईत ब्रिटिशांची ‘व्हिक्टरी’ फ्रेंचांच्या ‘ब्युसान्तॉर’च्या पिछाडीमागून गेली, तेव्हा तिच्या डाव्या अंगाच्या तोफा चालल्या. पिछाडीला काचेच्या खिडक्या; एकदा गोळा आत घुसला की तोफखान्याच्या मजल्यावर त्याला अडवणारं फारसं काही नाही. ‘लांबमारा’ म्हणा.

सरळमार्गी: लांबमारा म्हणजे लांब पल्ल्याचा वाटेल. ‘रेक’च ठेवा. ‘कप्तान’ पचला, हा का नाही पचणार?

भुईनळा: ‘शेपटीमारा’?

पटकरी: नाळेकडूनही रेक होतो, नुकसान जरा कमी एवढंच. त्या लढाईत पुढे सरकताना ‘व्हिक्टरी’नं स्वतः तोच मार खाल्ला, आणि उलट द्यायला तिच्या कुशीच्या तोफा वळतच नव्हत्या.

भुईनळा: मग ‘दंताळणे’. रेक म्हणजे दंताळंच ना? ओढलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरबाडत जातं. व्युत्पत्ती हीच असणार, पैज लावतो.

कोशकीडा: पैज लावून व्युत्पत्ती ठरत नाही. शिवाय ‘मी तुला दंताळतो’ म्हणत फासे टाकणार? ब्रॉडसाइडला मात्र ‘सरबत्ती’ हा चांगला घरचा शब्द पडून आहे.

सरळमार्गी: सरबत्ती आता फक्त प्रश्नांची होते.

तांडेलाचा नातू: शब्द राहू दे, आधी मला सांगा, हल्ली ‘पालजहाज’ कोण लिहितं? कालच कुठेतरी वाचलं. आजोबा मचव्यावर तांडेल होते. त्यांच्यासमोर एकदा शिडाला ‘पाल’ म्हणालो, तर म्हणाले, “पाल भिंतीवर असते.” हातातली दोरी सोडली नाही, वरही पाहिलं नाही.

कोशकीडा: आजोबांना नमस्कार, पण मराठ्यांच्या आरमारात ‘पाल’ नावाचं मोठं लढाऊ जहाजच होतं. गुराब, गलबत, पाल.

तांडेलाचा नातू: ते जहाज. शीड नव्हे.

शुद्धोदन: म्हणूनच म्हणतो, घरचे शब्द वापरा. सुकाणू, गुराब असे अस्सल शब्द असताना ‘रेक’ कशाला?

कोशकीडा: सुकाणू अरबी. गुराबही अरबी, मूळ अर्थ कावळा. ‘आरमार’ पोर्तुगीजांच्या ‘आर्मादा’वरून आला असं मानतात. घर जरा मोठं धरा.

शुद्धोदन: तीनशे वर्षं राहिला तो घरचाच.

सरळमार्गी: मग रेकलाही तीनशे वर्षं द्या.

पटकरी: एक राहिलंच. तोफा चालवणाऱ्यांच्या खणांवर मी ‘गोलंदाज’ लिहिलंय. चौथ्या गड्यानं विचारलं, “यात षटकं किती?”

भुईनळा: गोळा टाकतो तो गोलंदाज! क्रिकेटनं आपल्याकडून उचलला.

कोशकीडा: तो फारसी.

तांडेलाचा नातू: आणि पाल भिंतीवरच.

पटकरी: शनिवारी पुन्हा बसतोय. तोवर कागदावर ‘रेक (गोळा समोरच्याच्या लांबीभर)’ एवढं पेन्सिलनं लिहून ठेवलंय.